काळ्या पाषाणाची सूक्ष्म घडण आणि त्याची भंगण्याची रीत

सुरतेहून खानदेशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उधना मागे पडले, की थोड्याच वेळात चलथाण हे स्थानक लागते. नंदुरबार, अमळनेर, जळगाव या बाजूंनी पोटापाण्यासाठी सुरत परिसरात येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा मार्ग चांगला परिचयाचा आहे. चलथाणच्या पायाखाली दगड सहसा दृष्टीस पडत नाही. तापी आणि मिंढोळा या नद्यांच्या परिसरातील गाळाच्या काळ्या जमिनीचा हा मुलूख, उसाचा आणि सहकारी साखर कारखान्याचा. येथून पूर्वेस व्यारा, सोनगडकडे जाऊ लागले म्हणजे मात्र काळ्या पाषाणाच्या टेकड्या डोके वर काढू लागतात आणि मग नंदुरबार, धुळे, नाशिकमार्गे थेट सह्याद्रीपर्यंत तोच खडक आपली सोबत करतो. भूवैज्ञानिक त्यास बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठास पडलेल्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला, थरावर थर पसरत गेला आणि आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र त्याने व्यापलेले आहे. महाराष्ट्राच्या भूभागापैकी चार-पंचमांशाहून अधिक भाग याच खडकाचा आहे.

रुळांखाली पसरलेली खडी, महामार्गावरील डांबराखालचा दगड, उकाई धरणाचा पाया आणि वेरुळचे कैलास लेणे ही सारी या एकाच खडकाची रूपे होत. असे असताना एका खाणीतील दगड घणाचा घाव परतवून लावतो आणि शेजारच्या खाणीतील, दिसावयास तितकाच काळा व तितकाच घट्ट दगड दोन पावसाळ्यांत भुगा होऊन जातो, असे का व्हावे? शासकीय बांधकामांवर देखरेख करणारे कर्मचारी, खडीचे ठेकेदार, ग्रामपंचायतींचे पदाधिकारी यांना हा प्रश्न व्यवहारात पदोपदी भेडसावतो. त्याचे उत्तर डोळ्यांना दिसणाऱ्या दगडात नसून, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या त्याच्या घडणीत आहे. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर असल्याने समीकरणांच्या वाटेस न जाता या विषयाचा परिचय करून देण्याचा येथे प्रयत्न आहे.

दगडाचे अंतरंग

दगडाची चकती घासून घासून ०.०३ मिलिमीटर इतकी पातळ केली, तर काळाकभिन्न बेसाल्टदेखील पारदर्शक होतो. असा काप ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता दिसणारे दृश्य पैठणीच्या पदराला लाजवील असे असते. फेल्स्पार खनिजाचे काड्यांसारखे लांबट स्फटिक एकमेकांत आडवे-तिडवे अडकलेले दिसतात. त्यांच्या मधल्या जागा ऑजाइट या पायरोक्सीन गटातील खनिजाने भरलेल्या असतात. मधूनमधून लोहखनिजाचे काळे कण दिसतात, क्वचित ऑलिव्हिनही आढळते. आणि पुष्कळदा या सर्वांच्या फटींत काच असते. ही काच खिडकीच्या तावदानासारखीच, स्फटिकरूप धारण करण्यास सवड न मिळालेली.

ही सवड म्हणजे काय, हे चलथाणसारख्या साखरेच्या गावात समजावून सांगणे सोपे आहे. साखरेचा पाक सावकाश आटवून, सावकाश निवू दिला तर त्यात टपोरे स्फटिक धरतात. खडीसाखर होते ती अशीच. तोच पाक थंड ताटावर एकदम ओतला तर काचेसारखा चकचकीत, ठिसूळ पापुद्रा होतो. लाव्हारसाचेही तसेच आहे. जाड प्रवाहाच्या मध्यभागी तो सावकाश निवतो आणि त्यात स्फटिक वाढतात. प्रवाहाच्या पृष्ठभागाशी व तळाशी तो झटकन निवतो आणि तेथे बारीक कण व काच अधिक राहते. खनिजांच्या कणांचे आकारमान आणि त्यांची परस्पर मांडणी यांस मिळून खडकाचे ‘वयन’ असे म्हणतात. विणीवरून कापडाचा टिकाऊपणा ठरावा, तसा वयनावरून दगडाचा.

उत्तम बेसाल्टमध्ये फेल्स्पारच्या काड्या ऑजाइटच्या कणांत रुतून बसलेल्या असतात. एखादी सूक्ष्म भेग पुढे सरकू लागली, तर तिला सरळ वाट मिळत नाही. प्रत्येक काडीशी तिला वळावे लागते, प्रत्येक वळणावर तिचे बळ खर्ची पडते. असा दगड केवळ कठीण असतो असे नव्हे, तर चिवट असतो. कठीणपणा आणि चिवटपणा या दोन गुणांत आपण व्यवहारात गल्लत करतो. गारगोटी बेसाल्टपेक्षा कठीण असते, पण घाव बसताच तिच्या ठिकऱ्या उडतात.

भेग कशी चालते

दगड तुटतो म्हणजे नेमके काय होते, याचा उलगडा दगडावरून न होता काचेवरून झाला. खनिजांच्या अणूंमधील बंधांची ताकद हिशेबात घेतली, तर कोणताही दगड प्रत्यक्षात तुटतो त्याच्या कित्येक पट अधिक बळास टिकावयास हवा. तो तसा टिकत नाही. १९१३ मध्ये इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने दाखवून दिले, की एखाद्या पत्र्यात लंबवर्तुळाकार छिद्र असेल, तर त्याच्या टोकाशी ताण एकवटतो. छिद्राची लांबी रुंदीच्या दहापट असेल, तर टोकाशी पडणारा ताण इतर भागातील ताणाच्या एकवीस पट होतो. भेग तर केसाहूनही अरुंद. तिच्या टोकाशी काय होत असेल याची कल्पना करावी. इंग्लंडमध्ये विमानांवरील संशोधन करणाऱ्या ग्रिफिथ यांनी १९२० मध्ये हाच विचार पुढे नेला. काचेच्या जाड कांबीपेक्षा तिचा अगदी बारीक तंतू प्रमाणाबाहेर बळकट ठरतो, कारण त्यात मोठी भेग मावतच नाही, असे त्यांस आढळले. पदार्थ तुटतो तो त्यात आधीपासून असलेल्या सूक्ष्म भेगांमुळे, हा त्यांचा सिद्धान्त आज खडकांच्या अभ्यासाचा पाया झालेला आहे. दगडात अशा भेगांना तोटा नाही. कणाकणांच्या सीमा, स्फटिकांतील पाटनाची प्रतले, निवताना आकुंचन पावल्यामुळे पडलेल्या चिरा, या सर्व भेगाच होत.

दाब दिला तर भेगांची तोंडे मिटतात आणि ताण दिला तर उघडतात, म्हणून दगड दाबास भारी आणि ताणास हलका असतो. घट्ट बेसाल्टचा तुकडा दर चौरस सेंटीमीटरला एक हजार ते अडीच हजार किलोग्रॅम वा त्याहूनही अधिक दाब सहन करतो. ताणास मात्र तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी बळात तुटतो. आपल्या हेमाडपंती देवळांत खांब इतके जवळजवळ का, याचे उत्तर येथे सापडते. दोन खांबांवर टेकलेल्या दगडी तुळईच्या खालच्या अंगास ताण पडतो. अंतर वाढविले तर तुळई मधोमध खालून चिरते. त्या स्थपतींना ग्रिफिथ ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण दगड ठाऊक होता.

प्रयोगशाळेत दगडाचा दंडगोल यंत्रात धरून दाबला जातो, तेव्हा त्याच्या विरूपणाच्या अवस्था क्रमाने दिसतात. आरंभी दाबाच्या आड येणाऱ्या जुन्या भेगा मिटतात, त्यामुळे दगड प्रथम थोडा ‘मऊ’ भासतो. मग तो स्प्रिंगप्रमाणे वागतो. दाब काढला की पूर्ववत होतो. पुढे, अंतिम भाराच्या एकतृतीयांश ते दोनतृतीयांश भार पडला असता, एक चमत्कारिक गोष्ट घडते. दाबला जात असतानाच दगड आकारमानाने फुगू लागतो. दाबाच्या दिशेला समांतर अशा असंख्य नव्या सूक्ष्म भेगा उघडू लागल्याचे ते चिन्ह. १९६६ मध्ये अमेरिकेतील ब्रेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काटेकोरपणे मोजून दाखविले. या वेळी संवेदनशील उपकरणे लावली तर दगडातून बारीक कडकड ऐकू येते. अखेरीस या विखुरलेल्या भेगा एका तिरप्या पट्ट्यात परस्परांना मिळतात आणि दगड मोठा आवाज करून फुटतो. आपल्याला दिसतो तो हा शेवटचा क्षण. तुटण्याची क्रिया मात्र बरीच आधी सुरू झालेली असते. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींत खोलवर होणाऱ्या खडकांच्या स्फोटांचा अभ्यास अशाच सूक्ष्म आवाजांच्या आधारे केला जात असे. त्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या, पण १९८८ मध्ये तेथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय शिलायांत्रिकी संस्थेने हा अभ्यास पुढे चालविला.

सच्छिद्र दगडाचे कोडे

लाव्हारसातील वायूचे बुडबुडे निसटण्यापूर्वीच रस थिजला, म्हणजे दगडात पोकळ्या राहतात. कालांतराने पाण्याबरोबर येणारी खनिजे त्या पोकळ्यांत साचतात. कोठे पांढरे झिओलाइट, कोठे गारेचे प्रकार, कोठे हिरवी मृदू खनिजे. पुणे, नाशिक, जळगाव या जिल्ह्यांतील खाणींत सापडणारे झिओलाइटचे सुंदर नमुने जगभरच्या संग्रहालयांत पोचलेले आहेत, आणि पुण्याजवळील वाघोलीचे निळे कॅव्हन्साइट तर संग्राहकांच्या विशेष प्रीतीचे आहे. परंतु सौंदर्य आणि बळ एकत्र नांदतातच असे नाही. प्रत्येक पोकळीच्या कडेशी ताण एकवटतो, आणि तिच्यात भरलेले मृदू खनिज भार उचलत नाही. त्यामुळे अशा दगडाचा तुकडा यंत्रात घट्ट बेसाल्टच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी भारास फुटतो.

म्हणून हा दगड टाकाऊ समजावा काय? येथेच नवशिक्या अभियंत्याची फसगत होते. घट्ट बेसाल्ट निवताना आकुंचन पावतो व त्यास उभे-आडवे सांधे पडतात. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे उभे खांब हे या सांध्यांचेच टोकाचे रूप होय. तुकडा पोलादासारखा, पण प्रत्यक्ष कडा मात्र सुट्या विटांच्या राशीसारखा, आणि पाणी मुरण्यास वाटाच वाटा. पोकळ्या भरलेल्या मृदू बेसाल्टमध्ये असे सांधे विरळ असतात. तुकडा दुबळा, पण डोंगर एकसंध. अखंड लेणी कोरावयास हेच हवे. छिन्नी चालेल इतका मृदू आणि छत धरून ठेवील इतका सलग दगड शोधण्यात आपले प्राचीन शिल्पी किती वाकबगार होते, याची साक्ष सह्याद्रीतील व अजिंठा डोंगररांगेतील लेणी देतात. धरणाच्या पायाच्या बाबतीतही तेच. अशा खडकातून पाणी झिरपण्याचा धोका पुष्कळदा सांधेदार घट्ट खडकापेक्षा कमी असतो. तुकड्याच्या परीक्षेवरून डोंगराचा निवाडा करू नये, आणि डोंगर पाहून खडी मागवू नये. दोन्ही परीक्षा वेगळ्या आहेत.

पाण्याची करामत

वयनाच्या फटींत राहिलेली काच हा बेसाल्टचा दुबळा दुवा होय. काच ही अस्थिर वस्तू. पाण्याच्या संगतीत ती बदलत जाऊन तिचे क्लोरोफिआइटसारखे हिरवट-काळे पदार्थ आणि पुढे पाण्याने फुगणारी चिकणमाती बनते. खाणीतून नुकत्याच काढलेल्या दगडात हा बदल डोळ्यांना दिसत नाही. उन्हात वाळला, पावसात भिजला, असे काही वेळा झाले, म्हणजे आतील माती फुगते-आक्रसते आणि दगड आतून उकलत जातो. ताजा असताना बळाच्या सर्व कसोट्या उत्तीर्ण झालेला दगड पुढे भुसभुशीत का होतो, याचे इंगित यातच आहे. दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये सापडणारी तांबडी माती हीदेखील याच जातीची. बोगदा खणताना ती उघडी पडून भिजली की तिचे बळ झपाट्याने ओसरते. तीवर टेकलेला घट्ट दगड मग आधार नसलेल्या छतासारखा होतो.

फुगणारी माती नसली, तरी पाणी निरुपद्रवी नसते. भेगेच्या टोकाशी ताणले गेलेले सिलिकॉन व प्राणवायू यांचे बंध पाण्याच्या संपर्कात अधिक सहजपणे तुटतात. त्यामुळे तोच दगड, तोच भार, पण ओला असताना भेग हळूहळू सरकत राहते. खडकावर एका दिवसात न होणारी गोष्ट पन्नास वर्षांत होते, ती अशी.

घाटांतील कडे पावसाळ्यात का कोसळतात, याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे. मात्र येथे विवेक राखला पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी रायगडमधील तळीये आणि १९ जुलै २०२३ रोजी इर्शाळवाडी या गावांवर जो घाला पडला, त्याचा दोष अखंड खडकाच्या भंगण्यावर टाकता येणार नाही. तीव्र उतारावरील कुजलेला खडक, मुरूम आणि माती अतिवृष्टीने जड होऊन घसरणे, असे अशा घटनांचे स्वरूप असते. परंतु तो मुरूम आला कोठून? फेल्स्पारच्या काडीची माती होण्यापासूनच त्याचा आरंभ. सूक्ष्म भेगेतून शिरलेले पाणी हजारो वर्षे जे करीत आले, त्याचा हिशेब एका रात्रीत चुकता होतो.

आणि माणूस या कामी हातभार लावतो. रस्त्यासाठी डोंगर कापताना भरमसाट सुरुंग भरले, तर निघालेल्या दगडाबरोबरच मागे राहिलेल्या कड्यातही नव्या भेगांचे जाळे पडते. त्या दिवशी कडा उभा असतो, ठेकेदार देयक घेऊन जातो. भेगा मात्र तेथेच राहतात आणि दर पावसाळ्यात थोड्या थोड्या वाढतात. कापाच्या रेषेवर जवळजवळ छिद्रे घेऊन हलके सुरुंग उडविण्याची पद्धत उपलब्ध आहे. ती खर्चिक आहे हे खरे, पण नंतर लावाव्या लागणाऱ्या जाळ्यांचा आणि जिवांचा खर्च त्यात धरला जात नाही.

खोलवरचा खडक

१९११ मध्ये फॉन कार्मान यांनी इटलीतील करारा येथील संगमरवराचे दंडगोल चोहोंबाजूंनी द्रवाच्या दाबात धरून चेपले. मोकळ्या हवेत फुटणारा तो दगड तेथे न फुटता मडक्याच्या ओल्या मातीसारखा फुगीर झाला. चोहोंकडून दाब असला की भेगांना उघडण्यास जागा राहत नाही, आणि संगमरवरातील कॅल्साइटचे स्फटिक आतल्या आत घसरून आकार बदलू शकतात. बेसाल्ट वा ग्रॅनाइट यांतील खनिजे इतक्या सहजासहजी घसरत नाहीत. त्यासाठी मोठी उष्णता लागते. म्हणून भूकवचाच्या वरच्या काही किलोमीटरांत हे खडक ठिसूळच राहतात आणि भूकंप तेथेच होतात.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. सुमारे ६.३ प्रतीच्या त्या भूकंपात मोठी प्राणहानी झाली आणि १०३ मीटर उंचीच्या धरणालाही तडे गेले. पुढे ते मजबूत करण्यात आले. जलाशयातील पाण्याच्या बदलत्या पातळीशी तेथील भूकंपांचा संबंध असल्याचे आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. पाण्याच्या वजनापेक्षाही भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब येथे महत्त्वाचा मानला जातो. भेगेच्या दोन भिंतींना परस्परांवर दाबून धरणारे बळ त्याने कमी होते, घर्षण घटते आणि आधीच ताणाखाली असलेला प्रस्तर सरकतो. याचा छडा लावण्यासाठी केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कराड येथील प्रयोगशाळेमार्फत खोल वेधनाचे काम हाती घेतले. गोठणे येथे २०१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर खोलीचे छिद्र पूर्ण झाले. १,२४७ मीटरपर्यंत बेसाल्टचे थर लागले आणि त्याखाली अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइट-नाइस. काळ्या पाषाणावर उभ्या असलेल्या आपल्या प्रदेशाचे भूकंप या खालच्या, जुन्या खडकात घडतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस घेतलेल्या छिद्रात हा जुना खडक अवघ्या ३३८ मीटरांवर लागला होता.

खडी घेणाऱ्यांसाठी

आता पुन्हा व्यवहाराकडे वळू. लोहमार्गाच्या खडीची आघातपरीक्षा होते. सुमारे १४ किलोग्रॅमचा हातोडा ३८० मिलिमीटरवरून पंधरा वेळा पाडतात आणि किती दगडाचा चुरा झाला ते मोजतात. हे प्रमाण सर्वसाधारणपणे २० टक्क्यांच्या आत असावे लागते. पोलादी गोळ्यांसह फिरत्या पिंपात घेतल्या जाणाऱ्या झीजपरीक्षेत मर्यादा ३० टक्क्यांची आहे, आणि पाणी शोषण्याचे प्रमाण १ टक्क्याहून अधिक नसावे असा दंडक आहे. या तिन्हींपैकी शेवटचा आकडा कर्मचारी सर्वांत कमी गांभीर्याने घेतात. वस्तुतः दगडातील पोकळ्या, भेगा आणि माती यांची वर्दी तोच देतो.

क्लोरोफिआइटयुक्त ताजा दगड मात्र या परीक्षांतूनही निसटू शकतो. त्यासाठी भारतीय मानक २३८६ च्या आठव्या भागात सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षेची तरतूद १९६३ पासून आहे, आणि पाचव्या भागात क्षारांच्या द्रावणात दगड वारंवार भिजवून-वाळवून त्याचा टिकाऊपणा पाहण्याची. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र यांसारख्या संस्थांत दगड-मालाची परीक्षा दीर्घकाळ होत आलेली आहे. नमुना पाठविताना खडीच्या ढिगातून मूठभर उचलू नये. एकाच खाणीत वरचा पोकळ्यांचा, मधला घट्ट आणि तळाचा काचमय असे थर असू शकतात, आणि यंत्रातून निघालेला ढीग तिन्हींची भेसळ असतो. प्रत्येक थराचा नमुना खाणीच्या भिंतीतून स्वतंत्र घ्यावा, त्यावर थराची उंची व तारीख लिहावी, आणि खाण पुढे सरकून नवा थर उघडा पडला म्हणजे परीक्षा पुन्हा करावी.

परीक्षेचा निकाल येईपर्यंत वडार मंडळींची जुनी रीत वापरावयास हरकत नाही. सुतकीच्या घावास दगड खणखणीत वाजला तर तो सलग. बद्द आवाज आला तर आत चिरा किंवा माती आहे असे समजावे. नंतर त्याच थराचे पाच-दहा तुकडे बादलीभर पाण्यात रात्रभर ठेवून दिवसा उन्हात टाकावे, आणि असे पंधरा दिवस करावे. कडा झिजू लागल्या, पाण्याच्या तळाशी हिरवट गाळ बसला किंवा तुकड्यास बारीक जाळी पडली, तर त्या थराचा माल उचलू नये.